उकळीपर्यंतच कलाबाईचा हात

तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईचा चहाचा कप कुठे ठेवलेला असतो? खरं सांगा बरं. तुमच्या कपांच्या रांगेत असतो, की मोरीवरच्या फळीवर, एकटाच? उत्तर मला नको. ते स्वतःला द्या आणि मग ही गोष्ट वाचा.

संगमनेरच्या पुढे, प्रवरेच्या काठाला एक गाव आहे. नाव सांगत नाही. नाव सांगितलं की आजूबाजूची गावं लगेच म्हणतात, "हुश्श! आमचं नाही बाबा!" तर त्या गावात पुष्पावतीबाई राहतात. प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. सगळं गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणतं. रोज सकाळी पोरांकडून प्रतिज्ञा म्हणवून घेतलेल्या बाई! बोलणं गोड, राहणं टापटीप आणि हाताला चव अशी की विचारू नका. निदान लोक तसं म्हणायचे. बाईंचा डाळिंबाचा पाक सगळ्या पंचक्रोशीला माहीत होता. ग्लासात दोन चमचे पाक, वर माठाचं पाणी आणि चिमूटभर मीठ घातलं, की उन्हातून आलेल्या माणसाचा जीव थंड व्हायचा. तालुक्याच्या महिला मेळाव्यात त्या पाकाला दोनदा पहिलं बक्षीस मिळालं होतं. बक्षीस घेताना बाईंनी फोटोही काढून घेतले होते.

पण तो पाक कलाबाईचा होता.

कलाबाई बौद्धवाड्यात राहायची. पन्नाशीची, काटक, बोलायला कमी. तिचा नवरा सहादू लोकांच्या रानात रोजानं जायचा आणि ती अकरा वर्षं बाईंच्या मागच्या अंगणात काम करायची. डाळिंब कसं फोडायचं, दाणे सोडवताना आतला पिवळा पापुद्रा कसा टाळायचा, हे तिनंच बाईंना शिकवलं. मिक्सर तिनं कधी लावू दिला नाही. "बी भरडलं की रस कडसर हुतो," म्हणायची. दाणे फडक्यात बांधून हातानं पिळायचे, रस दोनदा गाळायचा, साखर घालून अंगणातल्या चुलीवर मंद आचेवर ठेवायचा. इथपर्यंत सगळं कलाबाई करायची. आणि मग पातेल्याला उकळी फुटली, की बाई ते उचलून आत गॅसवर न्यायच्या आणि ती मागच्या दाराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहायची.

कारण बाईंचा तसा नियम होता. उकळी फुटेपर्यंत कलाबाईचा हात, उकळीनंतर बाईंचा! विस्तवावर चढलं की सगळं शुद्ध होतं, असं बाईंच्या सासूबाई सांगून गेल्या होत्या. म्हणजे कलाबाईनं पिळलेला रस उकळला की चालायचा. पण उकळलेल्या पाकाला तिचं बोट लागलं की तो बाटायचा! काय ते शास्त्र आणि काय ती अक्कल! बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईंना त्यात काहीच खटकत नव्हतं.

बाई पातेल्याशी उभ्या राहायच्या, पळी वर उचलायच्या आणि उंबऱ्याबाहेरून कलाबाई थेंबाकडे बघून सांगायची.

"न्हाई बाई, अजून थेंब पळतोय."

"आता?"

"थांबा जरा. हां, आता थेंब पळीला लोंबाया लागला. उतरवा!"

बाई उतरवायच्या, चव बघायच्या, बाटल्या भरायच्या. नंतर कलाबाईला सरबत मिळायचं, नाही असं नाही. पूर्वी तिचा स्टीलचा ग्लास मागच्या भिंतीवर पालथा घातलेला असायचा. कोरोनानंतर त्याची जागा कागदी कपानं घेतली. "स्वच्छतेसाठी गं!" बाई म्हणाल्या. घरातल्या बाकी सगळ्यांची स्वच्छता काचेच्या ग्लासात होत होती, हे कलाबाईला दिसत होतं. 

आणि कुणी विचारलंच तर बाई पदर सावरून सांगायच्या, "आम्ही जातपात अजिबात पाळत नाही हो! कला तर घरातलीच आहे." घरातलीच! अकरा वर्षांत जिला घराचा उंबरा ओलांडता आला नाही, ती!

यंदा मार्चच्या शेवटाला बाईंच्या सुनेचं, सुकन्याचं, डोहाळजेवण ठरलं. सुकन्याला सातवा लागला होता. त्याआधी दोनदा तिच्या पोटातलं गेलं होतं, म्हणून हे मूल सगळ्यांना जिवापलीकडे होतं. डॉक्टरांनी जपायला सांगितलेलं. पोरीला डोहाळेही आंबटगोडाचेच. मागच्या दारी येऊन कलाबाईला म्हणायची, "काकू, डाळिंबाच्या सरबताशिवाय काही गिळवतच नाही हो." कलाबाईचा त्या पोरीवर फार जीव. सासूचं लक्ष नसताना सुकन्या उंबऱ्यावर बसून तिच्याशी गप्पा मारायची. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसून, हेही लक्षात ठेवा.

डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी पाक झाला. नेहमीसारखा स्टीलच्या पातेल्यात, थेंब लोंबल्यावर उतरवलेला. कलाबाई दिवेलागणीला घरी गेली.

आता सुकन्याच्या नवऱ्याचं ऐका. गोरक्ष त्याचं नाव. बाईंचा एकुलता एक. त्याला समारंभात सगळं 'पारंपरिक' हवं होतं, मोबाईलवर टाकायला चांगलं दिसतं म्हणून. त्यानं माळ्यावरून आजीचा पितळी हंडा काढला. सरबत त्यातूनच वाढायचं! हंडा आतून करडा, डागाळलेला दिसत होता. गोरक्षनं चिंच घेतली, पावडर घेतली, तारेची घासणी घेतली आणि तो हंडा आतून असा घासला, की पिवळाधमक झाला. घरातले सगळे म्हणाले, वा!

कुणी वा म्हणायचं कारण नव्हतं. आतला तो करडा थर म्हणजे मळ नव्हता. ती कल्हई होती. पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा थर का देतात, हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. आंबट पदार्थ उघड्या पितळेत राहिला की कळकतो. पितळ त्यात उतरतं आणि अन्नाचं विष होतं. पण कल्हईवाला त्या गावात शेवटचा कधी आला, हेही आता कुणाला आठवत नव्हतं. गोरक्षनं जी काही जुनी कल्हई उरली होती ती खरवडून टाकली, त्या हंड्यात डाळिंबाचा पाक ओतला, पाणी घातलं, वरून दहा-पंधरा लिंबं पिळली आणि "मुरू दे रात्रभर," म्हणून झाकण ठेवलं.

सकाळी कलाबाई भांडी घासायला मागच्या अंगणात आली. मंडप सजला होता, झोपाळ्याला फुलं लावली होती. बर्फ टाकायला म्हणून गोरक्ष आणि त्याचा चुलतभाऊ हंडा उचलून तिच्या समोरून घेऊन चालले होते. झाकण काढलेलं होतं. कलाबाईचं लक्ष सहज गेलं आणि तिच्या हातातली राख खाली पडली.

हंड्याचा आतला काठ पिवळाजर्द होता. आणि सरबताचा लाल रंग पार मेला होता. काळपट जांभळं दिसत होतं ते. तिच्या पाकाचा रंग तिला झोपेतही ओळखू आला असता.

"गोरखदादा, हंड्याची कल्हई गेलीया! ह्यात आंबट कवाधरनं हाय?"

"रात्रीपासून. का?"

"ओतून द्या ते दादा! कळकलंय! माझ्या माह्यारी लग्नात अशाच भांड्यात कढी ठेवली हुती. चाळीस मानसं वकून वकून आडवी झाली. एक म्हातारी तर गेलीच. सूनबाईला तर थेंब देऊ नका!"

गोरक्ष हसला. "कलाबाई, तुम्ही भांडी घासा. सरबताचं आम्ही बघतो."

तिनं बाईंना गाठलं. म्हणजे मागच्या दारापर्यंत गेली आणि हाका मारमारून त्यांना बाहेर बोलावलं. बाई आल्या त्या कपाळाला आठ्या घालूनच. सकाळपासून त्यांना मळमळत होतं. त्यांना वाटलं, उन्हाचा त्रास असेल.

"बाई, हात जोडते, त्या हंड्यातलं कुनाला देऊ नका. त्याचा रंग बगा एकदा. मला जरा जवळून बगू द्या, मी बोट लावून सांगते..."

"बोट लावून?" बाईंचा आवाज एकदम चढला. "आज? माझ्या घरात शुभकार्य आहे आणि तू हंड्यात बोट घालणार?"

"मग तुमी बगा. वास घ्या. तांब्यावानी वास येतोय."

"मी सकाळीच अर्धा ग्लास पिऊन चव बघितली आहे. काय धाड भरली मला? तुला मंडपात बोलावलं नाही म्हणून तुझ्या पोटात दुखतंय, कळतं मला. अकरा वर्षं इथलं खाऊन असल्या दिवशी अपशकुन करतेस? जा, भांडी घास. आणि सुकन्याच्या समोर येऊ नकोस आज."

दार बंद झालं.

वाचकहो, इथे जरा थांबू या. त्या बाईकडे आता काय उरलं होतं सांगा. कल्हईबद्दल बोलली, हसले. हात जोडले, हाकललं. आरोग्य केंद्राच्या नर्सबाई सिस्टर सिल्व्हिया यांनाही बोलावणं होतं, त्यांनी ऐकलं असतं. कलाबाईनं दोनदा रस्त्यावर जाऊन पाहिलं. त्या अजून आल्या नव्हत्या. मंडपात शिरून ओरडली असती, तर लोकांनी तिला धरून बाहेर काढलं असतं आणि सरबत प्यायलं गेलंच असतं. आत गाणी सुरू झाली होती. ओटी भरून होत आली होती. मंडपाच्या कापडाच्या फटीतून तिला सुकन्या दिसली. हिरवी साडी, फुलांचे दागिने, आणि पोटावर ठेवलेला हात.

"आता पहिला ग्लास सुकन्याला!" कुणीतरी म्हणालं. बाईंनी पितळी ओगराळं हंड्यात बुडवलं.

कलाबाईच्या शब्दाला त्या घरात कवडीची किंमत नव्हती. पण तिच्या हाताला होती! तो हात लागला की काय होतं, हे तिला अकरा वर्षं रोज शिकवलं गेलं होतं. ती धावली. मंडपाच्या तोंडाशी बायकांची दाटी होती, म्हणून मागचं दार ढकलून आत, स्वयंपाकघरातून, देवघरावरून, बैठकीतून, जिथे तिनं कधी पाऊल ठेवलं नव्हतं त्या सगळ्या घरातून धावत ती मंडपात आली आणि तिनं आपला उजवा हात कोपरापर्यंत त्या हंड्यात घातला.

गाणं तुटलं.

"बाटवलं!" कुणीतरी किंचाळलं. "अगं बाटवलं सगळं हिनं!"

आणि मग जे झालं ते मी मऊ करून सांगणार नाही. गोरक्षनं तिचा हात मनगटाला धरून वर ओढला, हंड्याच्या काठावर दाबून धरला, आईच्या हातातलं ओगराळं हिसकावलं आणि त्या बोटांवर मारलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. पितळेवर हाड वाजतं तेव्हा कसा आवाज होतो, हे त्या मंडपातल्या चाळीस बायकांनी ऐकलं. कुणीही 'अरे, थांब' म्हणालं नाही. एक म्हणाली, "माजलेत हे लोक." दुसरीनं आपली साडी शिंतोड्यापासून वाचवायला मागे ओढली. सुकन्या झोपाळ्यावरून उठली, तिनं तोंड उघडलं आणि सासूकडे पाहून मिटलं. बाई तर हंड्याकडेच बघत होत्या. तुटणारा हात त्यांना दिसतच नव्हता!

"ओता रे ते गटारात!" गोरक्ष ओरडला. "भांडंही बाहेर टाका!"

चुलतभावानं हंडा गडगडवत अंगणात नेला आणि पालथा केला. काळंजांभळं सरबत नालीतून वाहून गेलं. कलाबाई मातीत बसली होती. हात मांडीवर घेतलेला, दोन बोटं भलतीकडे वळलेली.

"ओता," ती म्हणत होती. "समदं ओता. थेंब ठेवू नका."

तेवढ्यात फाटकातून सिस्टर सिल्व्हिया आल्या. वीस वर्षं त्या याच भागात नोकरी करत होत्या. अर्ध्या गावाची बाळंतपणं त्यांनी केलेली. त्यांनी आधी ती बोटं पाहिली.

"कुणी मारलं?"

बायकांच्या नजरा गोरक्षकडे वळल्या.

"सिस्टर, माझं ऱ्हाऊ द्या," कलाबाई म्हणाली. "आदी हंडा बगा. आतनं."

सिस्टरनी आडवा पडलेला हंडा उजेडाकडे वळवला, आत वाकून पाहिलं, बोट फिरवलं. बोट हिरवट झालं. हंड्याच्या बुडाला हिरवंकाळं कडं धरलेलं होतं. त्या ताठ उभ्या राहिल्या आणि त्यांनी एकच विचारलं.

"यातलं कोण कोण प्यायलं आहे?"

उत्तर द्यायला बाईंनी तोंड उघडलं आणि त्या तिथेच, मंडपाच्या खांबाला धरून, भडाभडा ओकल्या. एकदा नाही, थांबेचना. पोट धरून खाली बसल्या. सकाळची मळमळ उन्हाची नव्हती तर! "सकाळी... अर्धा ग्लास," एवढंच त्यांना सांगता आलं. सिस्टरनी त्यांना कुशीवर वळवलं, गाडी मागवली आणि संगमनेरला दवाखान्यात पाठवलं. दुसऱ्या गाडीत कलाबाईला बसवायला कुणी पुढे येईना. शेवटी सिस्टरनी स्वतःच्या स्कूटरवरून तिला नेलं. पण जाण्याआधी त्या मंडपात परत आल्या. बायका घोळका करून उभ्या होत्या, गोरक्ष भिंतीला टेकून.

"ऐका," सिस्टर म्हणाल्या. "बाईंनी अर्धा ग्लास घेतला, त्यांची ही गत. तुम्ही चाळीस जणी भरलेले ग्लास पिणार होतात. आणि पहिला ग्लास कुणाच्या पोटात जाणार होता? सातव्या महिन्यातल्या, आधीच दोनदा गमावलेल्या पोरीच्या! त्या बाईनं आधी सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतं," गोरक्ष पुटपुटला. "पण आम्हाला वाटलं..."

"काय वाटलं? हेच जर मी सांगितलं असतं, तर ओतलं असतं की नाही?"

"तुमचं वेगळं आहे सिस्टर. तुम्ही शिकलेल्या..."

"माझं वेगळं?" सिस्टर हसल्या, पण ते हसू ऐकवत नव्हतं. "माझी पणजी याच तालुक्यात विहिरीपासून वीस हात लांब उभी राहायची. कुणी वरून पाणी ओतलं तर ओंजळीनं प्यायची. पुढे घरानं येशूचं नाव घेतलं, मिशनच्या शाळेत पोरं शिकली, मला सरकारी नोकरी लागली. म्हणून आज तुम्ही मला काचेचा ग्लास देता! तो ग्लास माझ्या नोकरीला देता. मी तीच आहे. उद्या माझी नोकरी गेली तर माझाही कप भिंतीवर जाईल, हे मला माहीत आहे. अहो, विस्तवावर चढलं की शुद्ध होतं म्हणता ना? मग विस्तवावर चढलेल्या पाकाचं विष कसं झालं? घाण त्या बाईच्या हातात शोधत बसलात आणि विष तुमच्या आजीच्या हंड्यात निघालं! ज्या भांड्याला घासून चकचकीत केलंत, त्यात!"

 सुकन्या झोपाळ्यावर बसून हुंदके देत होती. "मी बघत राहिले," एवढंच ती म्हणत होती. "सिस्टर, मी नुसती बघत राहिले."

"होय, बघत राहिलीस," सिस्टर म्हणाल्या आणि गेल्या. त्यांनी तिची समजूत काढली नाही.

बाई दोन दिवस सलाईनवर होत्या. वाचल्या. कलाबाईची दोन बोटं तीन ठिकाणी मोडली होती. डॉक्टर म्हणाले, जुळतील, पण वळतील याची खात्री नाही. पंजा प्लास्टरमध्ये गेला. सहादूनं तिला घरी आणलं. तो फार घाबरला होता. "तक्रार नको करू कला," म्हणत राहिला. "गावात ऱ्हायचंय आपल्याला."

चौथ्या दिवशी बाई बौद्धवाड्यात आल्या. पायी, एकट्या. बत्तीस वर्षं त्याच वस्तीतल्या मुलांना त्यांनी शिकवलं होतं आणि कलाबाईचं घर कोणतं हे त्यांना विचारावं लागलं! सहादूनं घाईनं खुर्ची पुढे केली. बाई बसल्या नाहीत.

"कलाबाई," त्या म्हणाल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा 'बाई' लावलं. "चुकलं माझं. माझ्या सुनेचं मूल तू वाचवलंस. मी पापी आहे गं! मला तुझ्या हातचं पाणी दे. मी पिते. सगळ्या वस्तीसमोर पिते."

दाराशी चार शेजारणी जमल्या होत्या. सहादू तांब्या आणायला वळला. तुम्हालाही वाटलं असेल, आता ही पाणी देणार, ती पिणार, दोघी गळ्यात गळा घालून रडणार आणि गोष्ट संपणार. कलाबाईनं डावा हात आडवा केला.

"थांबा वो," ती नवऱ्याला म्हणाली. मग बाईंकडे वळली. "बाई, पानी काय, शत्रूलाबी देतो आमी. पन तुमी ते पिनार, आन् घरी जाऊन सांगनार, मी कलाच्या हातचं पानी प्याले. समदे म्हननार, केवढं मोठं मन! त्यानं माझी बोटं जुळतील व्हय? त्या दिशी मी तोंडानं सांगत हुते, तवा ऐकलं न्हाई. माझा शब्द तुमी कवाच मानला न्हाई बाई. माझा इटाळ मातर देवावानी मानला! म्हनून मला त्यो वापरावा लागला. माझ्याच इटाळानं तुमचं नातवंड वाचलं. ह्याची लाज मला वाटती. तुमाला किती वाटाया पायजे, ते तुमी बगा."

बाई खाली मातीत बसल्या. "मग मी काय करू? सांग, तू म्हणशील ते करते."

"खरं सांगा."

"सांगते की! सगळ्या गावाला सांगते."

"गावाला न्हाई. जितं लिहून घेत्यात, तितं. मी उद्या ठान्यात जानार हाय. कुनी मारलं, कशानं मारलं, कशापायी मारलं, ते मी सांगनार. साक्षीला चाळीस बाया हुत्या. एकबी यायची न्हाई, मला ठावं हाय. तुमी या."

 "अगं, तो माझा पोटचा गोळा आहे! सुकन्याला सातवा आहे. या दिवसांत तिच्या नवऱ्याला..."

"व्हय," कलाबाई म्हणाली. "तिच्याच पोटातल्या गोळ्यापायी माझी बोटं गेली."

बाई उठल्या. आल्या वाटेनं परत गेल्या. सहादू म्हणाला, "न्हाई येनार ती." कलाबाई म्हणाली, "न्हाई तर न्हाई." पाणी तांब्यातच राहिलं.

घरी काय झालं ते सुकन्यानं नंतर सिस्टरना सांगितलं. गोरक्ष आईच्या पायाशी बसला होता. म्हणत होता, "रागात झालं आई, मिटवून टाक. तू शब्द टाकलास तर ते लोक ऐकतील." बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "राग तुझा होता, पण ओगराळं माझ्या हातातलं होतं. बोट लावलं की बाटतं, हे तुला कुणी शिकवलं? मीच की! वर्गात पोरांना एक शिकवलं आणि घरात तुला दुसरं शिकवलं." गोरक्ष उठून भांडायला लागला, तेव्हा सुकन्या मध्ये आली. "मीही जबाब देणार आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी गप्प बसले. उद्या हे मूल मला विचारील, काकूंचा हात असा कसा झाला? तेव्हा मी काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कलाबाई आणि सहादू ठाण्यात पोचले, तेव्हा बाकावर बाई आधीच बसलेल्या होत्या. शेजारी सुकन्या होती.  कलाबाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

हवालदारानं विचारलं, "साक्षीदार कोण?"

"मी," बाई म्हणाल्या. "मारणारा माझा मुलगा आहे. त्याला तसं वागायला मी शिकवलं. लिहा."

तासभर त्या बोलत होत्या. उकळीचा नियम सांगितला, भिंतीवरचा ग्लास सांगितला, कागदी कप सांगितला, बंद केलेलं दार सांगितलं. हवालदाराचं पेन मध्येच थांबलं, तेव्हा त्याला म्हणाल्या, "का थांबलात? तुमच्याही घरी आहे का कप?" त्यानं मान खाली घालून पुढे लिहिलं. मग कागद कलाबाईपुढे आला. तिला सही येत होती, चांगली वळणदार सही. पण तो हात प्लास्टरमध्ये होता. म्हणून तिच्या डाव्या अंगठ्याला शाई लावली. ते पाहून बाई ओक्साबोक्शी रडल्या. कलाबाई रडली नाही. तिनं अंगठा नीट दाबून उठवला आणि शाई आपल्याच पदराला पुसली.

गोरक्षला पोलीस त्याच दुपारी घेऊन गेले. गावातल्या निम्म्या लोकांनी बाईंशी बोलणं टाकलं. पोटच्या पोरावर उलटली म्हणतात. म्हणोत. कलाबाई त्या घरी परत कामाला गेली नाही आणि यंदा गावात डाळिंबाचा पाक कुणाकडेच झाला नाही.

नागरिक हो, अस्पृश्यता कायद्यानं कधीच गेली. पुस्तकातूनही गेली. ती आता आपल्या कपाच्या फळीवर, मागच्या दारात आणि 'स्वच्छतेसाठी गं' या गोड शब्दात येऊन बसली आहे. ज्या माणसाच्या हाताला आपण भितो, त्याचं बोलणं आपल्या कानात शिरत नाही. आणि मग घरात विष शिरलं तरी सांगणारा बाहेरच उभा राहतो! चूक कळली की आपण माफी मागतो, हातचं पाणी पितो आणि मोकळे होतो. एवढ्यानं भागत नाही हो. माफी घरात बसून मागता येते. साक्ष मात्र चारचौघांत, नाव सांगून, आपल्याच माणसाविरुद्ध द्यावी लागते. तुमचं मन खरंच बदललं असेल, तर साक्ष द्यायला जा.